इशारा पातळी : शाळागळतीच्या पूर्वसूचनेची ओळख

दहावीचा निकाल लागतो तेव्हा आपण दोनच गट मोजतो, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण. तिसरा गट त्या टक्केवारीत येतच नाही. पाचवीला पटावर होती, आठवीलाही होती, पण परीक्षेच्या अर्जापर्यंत पोचलीच नाहीत, अशी ती मुले. निकाल परीक्षेला बसलेल्यांवर काढला जातो, त्यामुळे अशी मुले जितकी जास्त, तितका शाळेचा निकाल उजळ. नववीतल्या कच्च्या मुलाला ‘तू पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे शाळेतर्फे न बसता बाहेरून परीक्षा दे, असे सुचवणारी शाळा महाराष्ट्राला नवी नाही.

ज्या अभ्यासक्षेत्राची ही प्रस्तावना आहे, ते या तिसऱ्या गटाविषयीचे आहे. त्याचा प्रश्न तीन तुकड्यांत मांडता येतो. मूल शाळा सोडण्याच्या किती आधी ते कळू शकते? कशावरून कळते? आणि कळल्यावर कोणी काय करायचे? पहिल्या दोन तुकड्यांची बऱ्यापैकी उत्तरे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मिळाली आहेत. या विषयावर चर्चा होते तीही बहुतेक त्यांचीच, कारण त्यांत संगणक आहे, आलेख आहेत, नव्याची झळाळी आहे. तिसरा तुकडा जुना, खर्चिक आणि किचकट आहे. मात्र सगळ्या क्षेत्राचे यशापयश त्याच्यावरच ठरते, असे माझे मत आहे आणि पुढचे विवेचन त्याच बाजूने आहे.

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ठरलेली आहे. मधल्या चार फुटांत माणसे आणि जनावरे हलवायची असतात. पाणी मोजणारी पट्टी कितीही अचूक असो, त्या चार फुटांत नावा निघाल्या नाहीत तर तिची नोंद पंचनाम्यापुरती उरते. शाळेतल्या पूर्वसूचना प्रणालीकडे वाचकाने याच नजरेने पाहावे. पट्टी कशी बनते ते समजून घ्यावे, पण नावा कुठे आहेत हे विचारणे सोडू नये.

१

गळतीची चिंता आपल्याकडे जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. म्हणजे मुलाची गैरहजेरी ही घराची खासगी बाब राहिली नाही, ती राज्यकारभाराची बाब झाली. १९२९ च्या हारटॉग समितीने ‘अपव्यय आणि स्थगिती’ ही जोडी शिक्षणाच्या चर्चेत रुजवली. अर्धवट सोडून जाणारी मुले हा अपव्यय, आणि त्याच इयत्तेत वर्षानुवर्षे बसणारी मुले ही स्थगिती. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध केले. गळतीच्या अभ्यासाला मराठी मुलखात असलेला हा पाया आजच्या संगणकतज्ज्ञांना सहसा माहीत नसतो. तो माहीत असावा.

या सगळ्या कामाची एक मर्यादा होती. ते मागे वळून पाहणारे होते. पहिलीत शंभर, चौथीत चाळीस, म्हणजे साठ गळाली, असा हिशेब वर्षअखेरीस किंवा दशकअखेरीस व्हायचा. कोण गळाले हे कळायचे तेव्हा ते मूल शेतावर, हॉटेलात किंवा सासरी पोचलेले असायचे. गेल्या पंचवीस वर्षांत बदलले ते एवढेच की प्रत्येक मुलाची हजेरी, गुण आणि शिक्षा-शेरे तारीखवार साठवणे स्वस्त झाले. वर्ष संपण्याची वाट न पाहता ऑक्टोबरातच हिशेब मांडता येऊ लागला. तंत्रज्ञानाने या क्षेत्राला दिलेली खरी देणगी ही आहे. त्याने वेळ मिळवून दिला.

२

या क्षेत्रात येणाऱ्याने सुरुवात शिकागोपासून करावी. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे. शिकागो विद्यापीठातील शालेय संशोधन केंद्राच्या एलेन ॲलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये एक छोटा अहवाल काढला. त्यात त्यांनी नववीच्या अखेरीस लावायची एक कसोटी तपासली होती. मुलाने वर्षभरात किमान पाच पूर्ण विषयांचे श्रेयांक मिळवले आहेत का, आणि मुख्य विषयांत वर्षभरात सत्राच्या नापासाचे एकाहून अधिक शेरे नाहीत ना? दोन्ही अटी पुऱ्या करणारे मूल ‘मार्गावर’, नाही तर ‘मार्गाबाहेर’. मार्गावरच्या मुलांपैकी ८१ टक्के मुलांनी चार वर्षांत हायस्कूल पूर्ण केले. मार्गाबाहेरच्यांपैकी २२ टक्क्यांनी.

हा फरक मोठा आहेच, पण खरा धक्का पुढे होता. आठवीतल्या प्रमाणित चाचणीचे गुण मुलाचे भवितव्य सांगतात, अशी तोवरची समजूत. प्रत्यक्षात चाचणीत वरच्या थरात असूनही नववीत मार्गाबाहेर गेलेल्या मुलांपेक्षा, खालच्या थरात असून मार्गावर टिकलेली मुले हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता अधिक निघाली. २००७ च्या पुढच्या अहवालाने कारणाकडे बोट दाखवले. चांगले गुण घेऊन नववीत आलेली, पण सत्रात दोन आठवडे बुडवणारी मुले, कमी गुणांची पण एकच आठवडा बुडवणाऱ्या मुलांपेक्षा सरासरीने अधिक विषयांत नापास होत होती.

बुद्धी कमी किंवा घर गरीब, म्हणून मूल गळते, या समजुतीपुढे शाळेला हात टेकता येतात. हजेरी आणि सत्राचा निकाल यांच्यापुढे तसे टेकता येत नाहीत, कारण दोन्ही गोष्टी शाळेच्या आवारात, शिक्षकाच्या डोळ्यांदेखत घडतात. शिकागोचे मूल आठवीपर्यंत छोट्या, ओळखीच्या शाळेत असते आणि नववीत एकदम मोठ्या हायस्कुलात जाते. तिथे मागे लागणारे कोणी नसते, आणि तासाला दांडी मारणे जमून जाते. जिल्हा परिषदेच्या सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेतून दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाणाऱ्या आपल्या मुलाची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

शिकागोच्या शाळांनी पुढे काय केले, ते या क्षेत्राचे सर्वांत शिकण्यासारखे पान आहे. नववीत येणाऱ्या मुलांच्या याद्या शाळांना वर्षाच्या आरंभी मिळू लागल्या. कोण घसरते आहे याची माहिती सत्र चालू असतानाच शिक्षकांच्या हाती पडू लागली. नववीला शिकवणारे शिक्षक एकत्र बसून एकेका मुलावर बोलू लागले. हा काय फक्त माझ्याच तासाला येत नाही, की कोणाच्याच तासाला येत नाही? राहिलेला गृहपाठ कधी भरून घ्यायचा? घरी फोन कोणी करायचा? शहराच्या सरकारी हायस्कुलांतील मार्गावरच्या मुलांचे प्रमाण २००७ मध्ये ५७ टक्के होते, २०१३ मध्ये ते ८२ टक्क्यांवर गेले. मेलिसा रॉडरिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या काळाचा आढावा घेतला. त्यात मुख्य शंका अशी होती की शिक्षकांनी नुसते गुण सैल सोडले असतील. तसे असते तर मुले दहावी-अकरावीत पुन्हा घसरली असती. ती घसरली नाहीत. पुढच्या वर्षांतही सुधारणा टिकली आणि हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

या साऱ्यात गणित होते ते पाचवीच्या मुलाला समजेल एवढे. बदल झाला तो शिक्षकांच्या बैठकीत.

३

दुसरे महत्त्वाचे काम फिलाडेल्फियाचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बाल्फान्झ, तसेच लिसा हर्झोग आणि डग्लस मॅकआयव्हर यांनी सहावीतल्या सुमारे १३,००० मुलांचा माग पुढची अनेक वर्षे काढला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. हजेरी ८० टक्के किंवा त्याहून कमी, गणितात नापास, इंग्रजीत नापास, वर्तनामुळे शाळेतून काही दिवसांसाठी काढून टाकणे, अशा चार खुणा त्यांनी निवडल्या. पुढे हायस्कूल पूर्ण न करणाऱ्या मुलांपैकी ६० टक्के मुले या चार खुणांवरून सहावीतच ओळखता येत होती. सहावीतच, म्हणजे मूल अकरा-बारा वर्षांचे असताना. हजेरी, वर्तन आणि विषयांतील प्रगती ही तीन तेव्हापासून या क्षेत्राची मुळाक्षरे झाली आहेत.

नव्या वाचकाला इथे प्रश्न पडेल की चार खुणांवर भागते तर शेकडो घटकांची यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) प्रारूपे कशाला? प्रश्न रास्त आहे. ॲलेक्स बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३६ अभ्यासांतल्या ११० खुणा एकाच फूटपट्टीने मोजल्या. खूण किती गळणाऱ्यांना पकडते आणि न गळणाऱ्या किती मुलांवर नाहक बोट ठेवते, ही ती दुहेरी फूटपट्टी. अनेक वर्षांच्या गुणांचा चढउतार पाहणाऱ्या पद्धती सर्वांत अचूक ठरल्या. मात्र एका वेळच्या साध्या खुणांमध्ये शिकागोची कसोटी वरच्या रांगेत राहिली. वाचकाने यातून घ्यायचा धडा असा की क्षणचित्रापेक्षा उतार महत्त्वाचा. ज्याची हजेरी कायमच ७५ टक्के आहे त्याच्यापेक्षा, दोन महिन्यांत ९५ वरून ७५ वर आलेल्या मुलीकडे आधी जावे लागते.

दुहेरी फूटपट्टीचा अर्थ एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट करतो, कारण यात भल्याभल्यांची फसगत होते. समजा एका तालुक्यात नववीची १,००० मुले आहेत आणि त्यांपैकी ८० वर्षभरात गळणार आहेत. आपल्या प्रणालीने त्यांतली ६० अचूक पकडली. न गळणाऱ्या ९२० मुलांपैकी २० टक्क्यांवर, म्हणजे १८४ मुलांवर तिने चुकून खूण केली. यादी झाली २४४ नावांची, आणि त्यांत खरोखर गळणारी फक्त ६०. म्हणजे चारांतली तीन नावे चुकीची. प्रणाली वाईट आहे का? ते यादी घेऊन आपण काय करणार, यावर ठरते. शिक्षक घरी जाऊन चौकशी करणार असतील तर चुकीच्या खुणेचे नुकसान एका चहाचे. त्या मुलांना ‘ढ’ तुकडीत बसवणार असाल, सतरा नंबरच्या फॉर्मकडे वळवणार असाल, तर तीच यादी अन्यायाचे हत्यार होते.

४

हा अन्याय नुसता कल्पनेतला नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने गेल्या दशकाच्या आरंभी राज्यभर गळतीची पूर्वसूचना देणारी यंत्रशिक्षणावर आधारित प्रणाली सुरू केली. मुलाच्या नावापुढे कमी, मध्यम किंवा जास्त धोका असा शेरा शाळांना मिळे. २०२३ मध्ये ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने तिची तपासणी प्रसिद्ध केली. एखादे मूल वेळेत हायस्कूल पूर्ण करणार नाही असे प्रणाली म्हणे, तेव्हा ती जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळा चूक ठरत होती. शिवाय खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कृष्णवर्णीय मुलांबाबत ४२ टक्केबिंदूंनी अधिक होते. प्रणाली वंश, घरची मिळकत असे घटक हिशेबात धरत होती. त्यामुळे मुलाने काय केले यापेक्षा ते कोणाच्या पोटी जन्मले यावर शेरा झुकत होता.

त्याच वर्षी हुआन पेर्दोमो, टोलानी ब्रिटन, मोरिट्झ हार्ट आणि रेडिएट अबेबे यांनी याच प्रणालीचा दशकभराच्या माहितीवर अभ्यास मांडला. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक संगणकतज्ज्ञाने तो वाचावा. धोक्याच्या क्रमवारीत मुलांना लावण्याचे काम प्रणाली बऱ्यापैकी करत होती. पण तिच्या शेऱ्यांमुळे हायस्कूल पूर्ण करण्याचे प्रमाण वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. दुसरा निष्कर्ष अधिक खोल आहे. मूल कोणत्या शाळेत आणि कोणत्या जिल्ह्यात शिकते एवढ्या माहितीवरही मदत पोचवायची मुले जवळपास तितकीच चांगली शोधता येत होती. गळती शाळाशाळांत इतकी विषम वाटलेली असेल, तर एकेका मुलाला भिंग लावण्याआधी त्या शाळांकडेच का जाऊ नये?

शिकागो आणि विस्कॉन्सिन शेजारी ठेवून पाहिले की क्षेत्राचा गाभा दिसतो. शिकागोची कसोटी बदलता येण्यासारख्या गोष्टी मोजत होती आणि ती शिक्षकांच्या बैठकीत वाचली जात होती. विस्कॉन्सिनच्या शेऱ्यात न बदलणाऱ्या गोष्टी मिसळल्या होत्या आणि तो दुरून येत होता. पहिल्या ठिकाणी यादी ही मोठ्यांच्या कामांची यादी झाली, दुसऱ्या ठिकाणी ती मुलांच्या दोषांची झाली.

शास्त्रशुद्ध प्रयोग याला काय दुजोरा देतात? अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील तीन राज्यांत ७३ हायस्कुलांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकून काही शाळांना पूर्वसूचनेची आखीव पद्धत दिली, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे चालू दिले. एका वर्षात, प्रदीर्घ गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण पद्धत वापरणाऱ्या शाळांत १० टक्के, तर इतरत्र १४ टक्के होते. कुठल्या ना कुठल्या विषयात नापास होणाऱ्यांचे प्रमाण २१ विरुद्ध २६ टक्के. वर्तनासाठी शाळेबाहेर काढले जाण्यात मात्र फरक पडला नाही. फायदा आहे, पण बेताचा. चमत्काराची अपेक्षा ठेवून येणाऱ्याने हे आकडे आधी पाहून घ्यावेत.

५

आता आपल्याकडे. भारतात शाळांची माहिती ‘यूडायस प्लस’वर जमा होते, आणि २०२२-२३ पासून ती एकेका विद्यार्थ्याच्या पातळीवर भरली जाते. तिच्या २०२४-२५ च्या अहवालात गळतीचे प्रमाण तिसरी ते पाचवीच्या टप्प्यात २.३ टक्के, सहावी ते आठवीत ३.५ टक्के, आणि नववीपासूनच्या माध्यमिक टप्प्यात ८.२ टक्के आहे. ही उडी नेमकी कुठे येते ते पाहा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटाला हमी देतो, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. पुढे मुलाला शाळेत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी सैल होते, शाळा लांब जाते, अभ्यास अवघड होतो आणि मुलाच्या हातांना बाजारात दर मिळू लागतो. शिकागोप्रमाणेच आपलाही कळीचा वर्ग नववीच आहे.

साधनांची आता वानवा नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदींची ‘सरल’ प्रणाली आली. शाळांच्या माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्राच्या धर्तीवर इतर राज्यांनी आणि महाराष्ट्रानेही केंद्रे उभारली, हजेरी मोबाइलवरून पाठवली जाऊ लागली. आंध्र प्रदेशाने तर मायक्रोसॉफ्टच्या साह्याने यंत्रशिक्षण वापरून विशाखापट्टणम जिल्ह्यातील सरकारी शाळांतून २०१८-१९ साठी सुमारे १९,५०० संभाव्य गळतीची नावे काढली होती. अशी संख्या वाचली की विचारायचा प्रश्न ठरलेला आहे. इतक्या घरांचे उंबरठे चढायला माणसे किती होती?

त्याआधीचा प्रश्न माहितीच्या खरेपणाचा. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली. एकाच वेळी सर्व शाळांतली डोकी मोजली, तेव्हा पटावर नावे पण वर्गात मूल नाही, अशी संख्या २० लाखांच्या घरात गेली. हजेरीवर अनुदान, शिक्षकांची पदे आणि शालेय पोषण आहाराचा तांदूळ अवलंबून असतो, तिथे हजेरीपत्रक हे मोजमाप राहत नाही, तो दावा होतो. अशा दाव्यांवर शिकवलेले यंत्र सर्वांत धोक्यातल्या मुलालाच शंभर टक्के हजर समजेल. म्हणून आपल्याकडे पूर्वसूचनेचे पहिले पाऊल, खरी हजेरी लिहिणाऱ्या शाळेचे नुकसान होणार नाही अशी प्रशासकीय हमी हे आहे. ती नसेल तर बाकी सारे व्यर्थ.

तिसरी गोष्ट कारणांची. बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोड कुटुंबांतले मूल दिवाळीच्या सुमारास पटावरून दिसेनासे होते ते पार उन्हाळ्यापर्यंत. लहानपणी ते आईबापांबरोबर फडावर जाते. चौदा-पंधराचे झाले की स्वतःच अर्धा कोयता, म्हणजे जोडीतला एक मजूर, ठरते. त्याची सर्वांत पहिली खूण हजेरीत नसते. घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतली, हीच ती खूण. ती कोणत्याही पोर्टलवर नाही, पण गावातल्या शिक्षकाला ठाऊक असते. हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड, बालरक्षक हे उपाय आपण शोधले आहेत, पण त्यांची रचना बहुतांशी शिक्षण हक्काच्या वयोगटाभोवती आहे. नववी-दहावीचे मूल त्यांच्या कडेला पडते.

मुलींचे कारण आणखी वेगळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. नववीतल्या हुशार, नियमित मुलीची हजेरी अचानक तुटते तेव्हा गुणांचा आलेख काहीही सांगत नाही. शेजारच्या बाकावरची मैत्रीण सांगते. आणि कधी कारण घरातही नसते, ते रस्त्यावर असते. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप लांबला तेव्हा गावोगावच्या मुली हायस्कुलापर्यंत पोचू शकत नव्हत्या. यंत्राने त्यांतल्या प्रत्येकीला ‘धोक्यातली’ म्हटले असते आणि प्रत्येकीच्या घरी समुपदेशनाचे पत्र गेले असते. वास्तविक सगळ्यांची अडचण एकच होती आणि तिचे उत्तर आगारात होते. विस्कॉन्सिनच्या अभ्यासकांनी आकड्यांनी सांगितलेली गोष्ट ही अशी मराठी मुलखात रोज दिसते. एकाच वाडीच्या दहा मुली यादीत आल्या तर दहा पालकांना बोलावू नये, एका आगारप्रमुखाला भेटावे. मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली आणि बस, मुलींचा मोफत पास, हे उपाय ज्यांनी आखले त्यांनी यंत्राविनाच हा हिशेब ओळखला होता.

६

या क्षेत्रात येणाऱ्याने एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळावे. मुलाच्या नावापुढे लिहिलेला शेरा हा मुलाच्या पाठीवरचा डाग होऊ शकतो. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येणारी संमती मागतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला सर्वसाधारणपणे मनाई करतो. शाळांसारख्यांना सवलती देण्याची वाट कायद्यात आहे. पण कायद्याची सवलत म्हणजे नैतिक मोकळीक नव्हे. यादी कोण पाहू शकते, ती किती दिवस ठेवायची, मूल सावरले की त्याचे नाव पुसले जाते का, पालकाला ती दाखवतात का, ही चार उत्तरे लेखी नसतील तर प्रणाली सुरू करू नये. जात, धर्म, आईबापांचा व्यवसाय हे घटक एकेका मुलाच्या शेऱ्यात घालू नयेत. ते योजना आणि निधी ठरवण्यासाठी वापरावेत. मुलाच्या नावापुढे मुलाच्या हातातले आणि शाळेच्या हातातलेच असावे.

उघडे प्रश्न पुष्कळ आहेत आणि नव्या संशोधकाला इथे भरपूर जागा आहे. ज्या शाळेत दोनच शिक्षक पाच वर्ग सांभाळतात, तिथे पूर्वसूचनेची बैठक कशी भरवायची? स्थलांतरित मुलाची नोंद दोन जिल्ह्यांत, कधी दोन राज्यांत तुटते, ती जोडायची कशी? शिकागोच्या कसोटीसारखी साधी कसोटी आपल्या नववीसाठी कोणती ठरेल? घटक चाचण्यांचे गुण, की पहिल्या सत्राची हजेरी, की गणित आणि इंग्रजी या दोन विषयांची जोडी? ही शेवटची कसोटी ठरवायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एका तालुक्यातल्या हायस्कुलांची पाच वर्षांची जनरल रजिस्टरे, हजेरीपत्रके आणि दाखल्यांच्या नोंदी लागतात, आणि त्या प्रामाणिकपणे जुळवणारी दोन-चार माणसे. एम. एड.चा किंवा संख्याशास्त्राचा एखादा विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असेल तर त्याने याकडे जरूर वळावे. मराठीत हे काम होण्याची गरज आहे.

शिक्षक वाचकाला मात्र प्रबंधाची वाट पाहण्याचे कारण नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या २०१४ मधील एका अभ्यासात, वर्षाच्या आरंभीच्या सप्टेंबर महिन्यात चारांहून अधिक दिवस गैरहजर राहिलेल्या दर दहा मुलांपैकी जवळपास नऊ मुले पुढे वर्षभर प्रदीर्घ गैरहजर राहिली. दोन ते चार दिवस चुकवणाऱ्यांपैकीही निम्म्या मुलांची तीच गत झाली. आपले वर्ष जूनमध्ये सुरू होते. तेव्हा जुलैच्या मध्याला नववीचे हजेरीपत्रक उघडा, चारांहून अधिक दिवस न आलेल्यांची नावे एका कागदावर लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ‘का’ हे न लिहिता ‘घरी कोण जाणार’ ते आधी लिहा. कारण घरी गेल्यावर कळेल. मुख्याध्यापकांनी या कामासाठी आठवड्यातला एक तास वेळापत्रकात काढून द्यावा, केंद्रप्रमुखांनी त्या तासाचा अहवाल मागू नये, आणि अधिकाऱ्यांनी यादी लांब आली म्हणून शाळेला नोटीस धाडू नये. एवढे जमले तर पुढे संगणक जरूर आणावा. त्याचा उपयोग होईल.